मागच्या हॉर्नचं तोंड

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि जे होतं ते लिहिताना मलाच मळमळत होतं. आईने सांगितलंच असेल की मी आता डिझेल इंजिनं बनवतो. खरं आहे. फक्त ती वीतभर लांब असतात. खेळणं म्हणायचं नाही, मॉडेल म्हणायचं. पहिल्या दिवशी मी खेळणं म्हणालो तर साहेबांनी असं बघितलं, जणू मी त्यांच्या चहात थुंकलो.

दिवसभर गोंदाचा वास. जेवणाला गोंदाची चव, झोपेत गोंदाची स्वप्नं. पण खरा वीट आणलाय तो गिऱ्हाइकांनी. चांगली टकली, नातवंडं असलेली माणसं डोळ्याला भिंग लावून बसतात आणि दाराची कडी खऱ्या इंजिनावर किती उंच होती ते मोजतात. त्यांचं एक मासिक निघतं, त्यात आमचं इंजिन आणि समोरच्या कंपनीचं इंजिन शेजारी ठेवून ताडून बघतात. कोणाचे रिव्हेट जास्त, कोणाची जाळी खरी कोरलेली. मागच्या आठवड्यात असाच एक जण कारखान्यात आला होता. मिशीत बिस्किटाचा चुरा, आणि मला सांगत होता की वायपरची काडी जरा जाडच वाटते.

तरी तुम्हाला पार्सल पाठवतोय, कारण हे यार्डात डबे हलवायचं शंटिंग इंजिन तुमच्या रेल्वे शेडचं निघालं. नंबरसुद्धा तुमच्याकडचा. एक आमचं आहे आणि दुसरं समोरच्यांचं, साहेबांनी चिरफाड करून कचऱ्यात टाकलेलं. दोन्ही शेजारी ठेवा आणि तुम्ही जन्मभर फिटरकी केलेले, तुम्हीच सांगा कोणाचं खऱ्याच्या जवळ आहे. एकही इंजिन माझ्या हाताखालून गेल्याशिवाय खोक्यात जात नाही, एवढंच आत्ता सांगतो.

इथे खिडकीजवळ एक नमुन्याचं टेबल आहे. तिथला माणूस फोटो बघून पहिलं इंजिन हाताने जुळवतो, बाकी सगळे त्याची नक्कल करतात. त्याचे डोळे गेलेत, तो सोडणार आहे. साहेब म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत टिकलास तर तुला बसवून बघू. टिकणं हा माझा धंदा नाही हे तुम्ही जाणता. बेकरी झाली, गॅरेज झालं, बोट झाली, गोदाम झालं. आई म्हणते, ह्या वेळी परत आलास तर दार उघडणार नाही. पण मामा, ते टेबल मला हवंय. तुमचा एक चांगला शब्द आला तर तेवढ्या जोरावर हा गोंद अजून काही महिने हुंगेन.

मामीला नमस्कार. पाकिटावर भोंग्या लिहू नका, इथे सगळ्यांसमोर टपाल वाटतात. आहे तो लोभ खर्चू नये, साठवून ठेवावा.

आपला भाचा


ता. १९ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. उपाशीपोटी उघडलं हे बरं झालं.

दोन्ही इंजिनं जेवणाच्या टेबलावर शेजारी उभी केली. मामीने ताटं कुठे मांडू विचारलं, तिला मांडीवर मांड म्हणालो. समोरच्या कंपनीपासून सुरू करतो. चाकं म्हणजे बाटलीची बुचं. जाळी कोरलेली नाही, नुसती रंगवली आहे, तीही तुटक्या कंगव्याने ओढल्यासारखी. इंधनाची टाकी गालगुंड झाल्यासारखी सुजलेली. असं इंजिन माझ्या शेडमध्ये आलं असतं तर मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

आता तुमचं. जाळी छान आहे. जाळीकडे बघून क्षणभर बरं वाटलं, ते उगाच वाटलं. रेलिंग एवढी जाड की खऱ्या इंजिनावर तिला धरायला राक्षसाचा पंजा लागला असता. पायरीला खालची पट्टी नाही. हेही गिळलं असतं, पण मग छपराकडे बघितलं आणि शिसारी आली.

त्या इंजिनाच्या छपरावर दोन हॉर्न. पुढच्याचं तोंड पुढे, मागच्याचं तोंड मागे, कारण शंटिंगला इंजिन दोन्हीकडे पळतं. शेंबड्या पोरालाही कळावं अशी गोष्ट. तुमच्याकडे दोन्ही पुढे तोंड करून बसलेत, फोटो काढायला बसवल्यासारखे! मागे जाताना काय ड्रायव्हरने टाळ्या वाजवायच्या? समोरच्यांचा सगळा माल भंगार, पण हॉर्न बरोबर. त्यांच्यापुढे मान खाली घालायला लावलीत.

तू तपासणीला आहेस असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तुझ्या नजरेतून एखादी गोष्ट सुटू शकते, तुझं वय आहे. पण चिकटवणारा शुद्ध आळशी आहे. म्हणून तुझं नाव न काढता मी थेट कंपनीला लिहिलंय. पेन्सिलने आकृती काढली, खोक्यावर टेबलाचा नंबर छापलाय तो घातला, आणि ह्या आळशी इसमाला इंजिनाचं पुढचं-मागचं कळत नाही, त्याला ह्या कामावरून उठवा, असं स्वच्छ कळवलं. तुझ्या वाटेतला काटा काढलाय. आभार मानत बसू नकोस.

मामी बरी आहे, मांडीवर जेवल्याने रुसली आहे. तब्येतीची हेळसांड करू नये, बाकी हेळसांड चालेल.

तुझा मामा


ता. ६ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आभार मानत नाही.

त्या खोक्यावरचा टेबल नंबर माझा आहे. मी तपासणीला नाही. इंजिनं हाताखालून जातात म्हणालो ते खरंच होतं, कारण हॉर्न, वायपर आणि ती राक्षसाची रेलिंग मीच चिमट्याने चिकटवतो. म्हणजे चिकटवत होतो.

साहेबांनी तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आळशी हा शब्द दोनदा वाचला. मी पाकिटावरचं अक्षर लांबूनच ओळखलं आणि तोंडातला घास तसाच राहिला. आता मी पॅकिंगला आहे. इंजिनांना पातळ कागदात गुंडाळतो, मेलेली पाखरं गुंडाळावीत तशी. शेजारचा माणूस दर खोक्याला विचारतो की ह्याचं पुढचं कुठलं, आणि मग खोकल्यासारखा हसतो. नमुन्याच्या टेबलाचं विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, ज्याला पुढचं-मागचं कळत नाही त्याला खिडकी कशाला.

ह्यात माझी चूक काय ते ऐका. मी नमुना बघून हॉर्न लावले. नमुना फोटो बघून बनला. तो फोटो टेबलामागे भिंतीवर टांगलाय, मी भिंग घेऊन बघितला. नंबर तोच, इंजिन तेच, आणि छपरावर दोन्ही हॉर्न चक्क पुढे तोंड करून! साहेबांना ओढत नेऊन दाखवलं. ते म्हणाले, मूळ नकाशात मागच्याचं तोंड मागे आहे, फोटोत सावली पडली असेल. सावली कसली? त्या फोटोत इतकं स्वच्छ दिसतं की किळस येते. इंजिनामागे क्वार्टरची रांग आहे आणि पहिल्याच खिडकीबाहेर दोरीवर कोणाच्या तरी पोराची दुपटी न् लंगोट वाळत घातलेत. एका लंगोटावरचा डागसुद्धा मोजून घ्यावा. जगभरच्या टकल्यांनी आमचे रिव्हेट मोजताना तोही मोजला असेल.

म्हणजे तुमच्याच शेडमध्ये कोणी गाढव होता, त्याने हॉर्न उलटा बसवला, आणि त्याची शिक्षा मी कागदात गुंडाळतोय. तुम्ही सगळ्यांना ओळखता. त्या गाढवाचं नाव कळवा, किंवा हॉर्न तसा होता एवढं तरी साहेबांना लिहा. नाहीतर महिनाअखेर मी निघालो. बंदरावर बर्फ फोडायचं काम आहे म्हणतात, बर्फाला निदान वास नसतो. बॅग भरून ठेवली आहे. आईला तुम्हीच सांगा.

रागावलो आहे. लोभाचं नंतर बघू.

आपला भाचा


ता. १५ मार्च

चि. बाळास,
मामीचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामांनी लिहायला हवं होतं. पण तुझं पत्र वाचून हे जे खुर्चीत बसलेत ते उठत नाहीत. दोन्ही इंजिनं उचलून कपाटावर ठेवली आहेत, तोंडं भिंतीकडे करून. मला टेबल परत मिळालं, त्याबद्दल तुला दुवा देते.

गाढवाचं नाव विचारलंस. तो आत्ता माझ्यासमोर नखं कुरतडतोय.

आधी दुपट्यांचं सांगते. ती तुझी आहेत. ती पहिली खिडकी आमची. डाग कशाचा ते लिहीत नाही, मला अजून जेवायचंय.

तुझा जन्म झाला आणि तुझ्या आईच्या अंगात ताप मुरला. तुझे वडील बोटीवर, म्हणून तुम्हा दोघांना आम्ही क्वार्टरवर आणलं. पहाटे ते शंटिंग इंजिन डबे ओढत मागे मागे यायचं ते थेट आमच्या खिडकीशी, आणि तिथे हॉर्न द्यायचं. मागचा हॉर्न आमच्या घरात तोंड घालून ओरडल्यासारखा. तू दचकायचास आणि मग इंजिन गेलं तरी तुझा हॉर्न चालूच. भोंग्या हे नाव काय हौसेने नाही ठेवलं. तुझी आई उशीत डोकं खुपसून पडायची. डॉक्टर म्हणाले, हिला झोप मिळाली नाही तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही.

त्या संध्याकाळी हे घरी जेवायला आले नाहीत. पाना घेऊन त्या इंजिनाच्या छपरावर चढले आणि मागच्या हॉर्नचं तोंड फिरवून पुढे केलं. कोणाला पत्ता लागला नाही, ड्रायव्हर रूळ बघतो, छप्पर कोण बघतो? तुझी आई बरी झाली, तुम्ही गेलात, तसा ह्यांनी हॉर्न पुन्हा जागेवर वळवला आणि विसरूनही गेले. मधल्या दिवसांत कोणी येऊन फोटो काढून नेला हे कोणाच्या ध्यानीमनी! तुझं पत्र वाचताना हे गाढव ह्या शब्दापर्यंत तावातावाने मान हलवत होते. मग मी दुपट्यांचा मजकूर पुन्हा वाचायला लावला, तेव्हा ह्यांचा चेहरा पडला.

ह्यांना तुझं टेबल गेल्याचं जास्त लागलंय, की स्वतःच स्वतःला आळशी म्हणून घेतल्याचं, ते मला कळत नाही. पण उद्या ह्यांच्याकडून कंपनीला लिहून घेते, नाहीतर पुन्हा मांडीवर जेवायला वाढेन. बॅग भरली असशील तर उपस. बर्फालाही वास असतो, मासळीचा.

तुझी मामी


ता. १७ मार्च

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

कंपनीला दुसरं पत्र गेलं. त्या काळात त्या इंजिनाचे दोन्ही हॉर्न पुढेच होते, मागचा मी स्वतः फिरवला होता, म्हणून नकाशाही खरा आणि फोटोही खरा, असं सहीनिशी लिहिलं. हॉर्न लावणाऱ्याने नमुन्याबरहुकूम काम केलं, त्याला आळशी म्हटलं ते मागे घेतो, हेही लिहिलं. कारणाच्या जागी घरगुती असं घातलंय. शेडमधल्या जुन्या लोकांना कळलं तर चहाच्या टपरीवर उभं राहता येणार नाही. त्यांचे हॉर्न मी रांगेने तपासायचो आणि वाकडा दिसला की आई-बाप काढायचो.

रेलिंगबद्दलचा एक शब्दही मागे घेत नाही. पायरीचाही नाही.

मामीने लांबलचक कहाणी लिहिली असेल. तसलं काही मनात आणू नकोस. त्या खटाटोपाचा काडीचा उपयोग झाला नव्हता. हॉर्न तो हॉर्न, तोंड कुठेही करा, ऐकू यायचा तो येतोच. पहिल्याच पहाटे कळलं. तू तेवढाच किंचाळलास.

उगीच नोकरी सोडू नये.

तुझा मामा


ता. २ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं दुसरं पत्रही साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. घरगुती ह्या शब्दावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खोकणारा शेजारी पहिल्यांदाच खोकला नाही.

तुम्हाला वाटलं असेल की मिटलं. इथे काही मिटत नाही, चिघळतं. साहेबांनी ते मासिकाला कळवलं, आणि आता टकल्यांमध्ये दोन तट पडलेत, एक नकाशावाल्यांचा, एक फोटोवाल्यांचा. एकाने विचारलंय की हॉर्न कुठल्या मापाच्या पान्याने फिरवला. दुसऱ्याला घरगुती म्हणजे नक्की काय ते हवंय. त्याला लंगोटाचा डाग बघ म्हणून कळवावंसं वाटलं. शेवटी कंपनीने ठरवलं की नकाशा जास्त खपतो. गोदामातल्या सगळ्या इंजिनांचे मागचे हॉर्न पात्याने सोडवून उलटे चिकटवायचे. हे घाण काम कोणाला दिलं असेल ते ओळखा. तुम्ही एक फिरवलात, मी गोदामभर फिरवतोय.

नमुन्याच्या टेबलावर साहेबांनी परवापासून बसवलंय. म्हणाले, ज्याला डाग दिसला त्याला बाकीचंही दिसेल. माझ्या जन्मात माझ्या लंगोटाचा मला झालेला हा पहिला उपयोग. खिडकी आहे, पण ती कचऱ्याच्या पिंपांवर उघडते. पायरीची पट्टी मी नमुन्यावर लावली. रेलिंग तासून बारीक केली, ती दोनदा मोडली, तिसऱ्यांदा बसली. तुम्हाला आवडणार नाहीच.

बॅग उपसली आहे. टॉवेल तळाशी होता म्हणून. मामीला दुसरं काही सांगू नका.

एक इंजिन मी फिरवलं नाही. त्यावर ओरखडा होता, फेकायचंच होतं, ते खोलीवर आणलंय. उशाशी ठेवलंय, मागची बाजू माझ्याकडे करून.

आता एकच विचारायचं आहे. पहिल्याच पहाटे कळलं म्हणता. काडीचा उपयोग झाला नाही म्हणता, मी तेवढाच किंचाळलो म्हणता. मग आम्ही जाईपर्यंत तो हॉर्न तसाच का ठेवला होतात?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. लोभ होता तसाच असू द्यावा, फक्त कंपनीच्या पत्त्यावर पाठवू नये.

आपला,
भोंग्या