नडगीचे सहा आठवडे

३ मार्च
डावी नडगी मोडली. लॅबमधलं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं, दोन महिने कोणी हात लावेना, म्हणून मीच चाकांच्या खुर्चीवर चढलो. चूक खुर्चीची. मेहुणा हाडांचा डॉक्टर. त्याने मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाला, भावोजी, सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचासुद्धा नाही, पुढचं पुढे बघू. मोडलेलं हाड जुळवणाऱ्या वाढीच्या प्रथिनांवर मी अकरा वर्षं संशोधन करतोय. आणि हा माझ्याच डोक्यावर मिरे वाटतोय.

४ मार्च
शांतपणे विचार केला. १४ एप्रिलला माझं व्याख्यान. विभागप्रमुख मे महिन्यात निवृत्त होतायत, आणि त्यांच्या जागी कोण हे निवड समिती त्या दिवशी ऐकून ठरवणार. संकल्प: कुबड्यांशिवाय चालत स्टेजवर जायचं. विषय हाड जुळण्याचा, वक्ता जुळलेल्या हाडावर उभा. समितीला तशी ईमेलही करून टाकली.

९ मार्च, सकाळी ८
नाश्त्याला हिला सगळं समजावलं. हाड मोडलं की तिथे रक्ताची गुठळी होते, त्यातून प्रथिनं सुटतात, ती पेशींना बोलावतात, पेशी आधी मऊ कूर्चा बांधतात आणि मग हाड. ही म्हणाली, मग बांधू द्या की त्यांना, तुम्ही मध्ये मध्ये करू नका. हिचा विषय नाही. सोडून दिलं.

१९ मार्च
प्लास्टरच्या आत खाज. कुबड्यांनी काखा सोलल्या. लॅबमधून एकाचाही फोन नाही. घड्याळ अजून मागेच असणार.

२५ मार्च
आमचे उंदीर चौथ्या आठवड्यात पिंजराभर पळतात. प्रथिनं तीच. मग माझंच घोडं कुठे अडलंय? भार पडला की ही प्रथिनं वाढतात, हे आमच्याच लॅबने दाखवून दिलंय. माझ्या हाडाला भारच मिळत नाहीये. आजपासून ही ऑफिसला गेली की किचनच्या ओट्याला धरून वीस पावलं, पूर्ण वजन टाकून. खूप दुखलं. म्हणजे आत काम चालू झालंय.

२८ मार्च
चाळीस पावलं. ही अचानक लवकर आली. मी फ्रिजला टेकून उभा. पाणी घ्यायला उठलो म्हटलं. हिने पलंगाजवळचा भरलेला जग नुसता बोटाने दाखवला. जेवताना मी उंदरांचा दाखला दिला, तर म्हणाली, उंदीर निदान ठेवलेल्या जागी राहतात. डॉक्टर भावाला मात्र कळवलं नाही, हे हिचं चांगलं आहे.

२ एप्रिल
माझ्या हाताखालची प्राध्यापिका स्लाइड्स घेऊन घरी आली. मी तिला ज्युनिअर म्हणतो, तिलाही आता सवय झालीय. स्लाइड्स दाखवायच्या सोडून माझ्या पायाकडेच बघत बसली. सर, प्लास्टरची टाच झिजलीय, म्हणाली. हल्लीचा माल असलाच, मी म्हटलं. मग चाचरत विचारलं, सर, वेळ आलीच तर असावं म्हणून मी भाषणाची तयारी करून ठेवू का? कर म्हटलं. तेवढाच तिला सराव.

१० एप्रिल
एक्स-रे. हाडाच्या दोन टोकांमध्ये काळी फट, आधीपेक्षा जरा मोठीच. तुझं मशीन जुनं झालंय, असं मेहुण्याला सुचवलं. त्याने ड्रॉवरमधून एक शोधनिबंध काढून पुढ्यात ठेवला. भार योग्य वेळी पडला तर प्रथिनं वाढतात. घाईने पडला तर नव्या नाजूक रक्तवाहिन्या तुटतात, आणि प्रथिनं कितीही असली तरी हाड जुळत नाही. निबंध उत्तम आहे. आकडे भक्कम, भाषा स्वच्छ. लेखक दोन: ज्युनिअर आणि मी.

सही केली तेव्हा पहिलं पान वाचलं होतं. घाईची गोष्ट दुसऱ्या पानावर आहे. त्या आठवड्यात मीटिंगा फार होत्या.

१३ तारखेला ऑपरेशन. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून फटीत भरणार, वर प्लेट.

११ एप्रिल
ज्युनिअरचा फोन. व्याख्यान ती देणार. तुमचा एक्स-रे दाखवला तर चालेल का, नाव झाकून. चालेल म्हटलं. शास्त्रासाठी एवढं करायलाच हवं. आणि नुसत्या हाडावरून कोण कोणाला ओळखतो?

१५ एप्रिल, हॉस्पिटल, सकाळी १०
ही काल माझ्या वतीने व्याख्यानाला गेली होती. हॉल भरलेला. ज्युनिअर तासभर हातात कागद न धरता बोलली. समितीने तिथेच ठरवलं, विभागप्रमुख ती. मला फार वाईट वाटलं. अकरा वर्षं कमी नसतात. हिने माझा हात धरला होता, म्हणून जरा बरं.

एक्स-रेबद्दल विचारलं. नाव झाकलं होतं म्हणे, वयही नव्हतं. खाली फक्त एक ओळ होती, रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. तेवढ्यावरून सगळा हॉल मला ओळखून हसला. तू नाही ना हसलीस, मी विचारलं. ही म्हणाली, सुरुवात माझ्यापासूनच झाली.