अंदाजाने घेतलेला शर्ट

नोंगखाय
१० डिसेंबर, बुद्धवर्ष २५६७

प्रिय विलाईताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. मी सुखरूप पोचले. गाडीत झोप बरी लागली, गुडघ्याला तुझा मलम चोळला. दुकानात सध्या गर्दी असेल. दानाच्या वस्तू भरलेल्या पिवळ्या बादल्यांची चळत वरच्या फळीवर ठेवू नकोस. स्टुलावर चढायचं तुझं वय आता राहिलेलं नाही. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यावर तू भांडतेस, म्हणून हे पत्र.

स्टेशनवर तू बजावलं होतंस, "थेट च्यांगखानला जा, तुझ्या मोकला घे आणि ये. वर्षावासापुरतं चीवर घेतो म्हणाला होता. पाऊस संपला, चीवरदान झालं, थंडी आली. आता काय उन्हाळ्याची वाट बघतोय?" आणि गाडी हलताना, "आपण भिक्षूंसाठी बादल्या विकतो, घरातली पोरं देत नाही!" डब्यातले लोक वळून बघत होते.

तरी मी थेट गेले नाही, मध्येच नोंगखायला उतरले. इथला मेखोंगकाठचा बाजार कधी पाहिला नव्हता, असं कारण मी स्वतःला दिलं. बाजार खरोखरच पाहिलेला नव्हता, एवढं नक्की.

पत्र्याखाली लांबच लांब गल्ली आहे. सुकी मासळी, सुऱ्या, घोंगड्या, चिकट भात ठेवायच्या बांबूच्या टोपल्या. फटीतून नदी दिसते आणि पलीकडे लाओस. तिथेच एका बाईकडून मोकसाठी शर्ट आणि पँट घेतली. चीवर उतरवलं की घालायला घरच्यांनी कपडे न्यावे लागतात, ते तुला सांगायला नको. घरून त्याचे जुनेच आणता आले असते. त्याचं कपाट उघडलं होतं, पण परत लावलं.

"माप काय?" दुकानदारणीने विचारलं.

"नक्की माहीत नाही. पूर्वी मध्यम लागायचा."

"पूर्वी? मुलगा तुमचाच ना?"

"आता वाळला असेल. दुपारनंतर जेवत नाही."

"अगं बाई, प्रेमात पडलाय!"

मी हसले. खुलासा केला नाही. तिने माल वाहणाऱ्या एका मिशीवाल्याला हाक मारली, "ए, इकडे ये, दोन मिनिटं यांचा पोरगा हो." तो निमूट पाठ करून उभा राहिला. मी त्याच्या खांद्यांवर शर्ट लावून पाहिला. माझा हात तिथे जरा जास्त राहिला असावा, कारण तो म्हणाला, "झालं का हो? गाडी भरायचीय." शर्ट निळा आहे, बारीक चौकड्यांचा.

दुपारी गावाबाहेरची सिमेंटच्या प्रचंड मूर्तींची बाग पाहिली. एका कुटुंबाने फोटो काढायला मोबाइल दिला. मी चांगले तीन-चार काढले. मग त्यातली आजी म्हणाली, "तुमचाही काढते." मी म्हटलं, "नको, माझ्याबरोबरचे येताहेत." असं का म्हटलं असेन? ती लोकं जाईपर्यंत मला नागाच्या मूर्तीमागे उभं राहावं लागलं.

जेवायला तो व्हिएतनामी पदार्थ मागवला, तांदळाच्या पापुद्र्यात भाजलेलं डुकराचं मांस आणि पाला गुंडाळून खातात तो. "एकाचं ताट नसतं, दोघांचं असतं," पोऱ्या नव्हे, खुद्द मालक सांगायला आला. मी म्हटलं, द्या. उरलं तेवढं बांधून घेतलं.

उद्या निघते.

तुझी,
रंपाई

*

च्यांगखान
१३ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तब्येत ठीक असेल. मी इथे परवाच पोचले. विहार माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतो, घंटाही ऐकू येते. मी अजून गेलेले नाही.

काय केलं विचारशील. काल पहाटे धुकं बघायच्या टेकडीवर गेले. सगळे फोटो काढत होते आणि धुक्यात काही दिसत नव्हतं. मग नदीतल्या खडकांपाशी जाऊन तुझ्यासाठी पाकातल्या खोबऱ्याचे काप घेतले, कोवळ्या खोबऱ्याचे, तुझ्या दातांना चालतील. संध्याकाळी रस्त्यावर लाकडी घरांपुढे बाजार भरतो. नदीतले तळलेले झिंगे, पंखे, भेटकार्डं. सगळी जोडपी किंवा घोळके. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि पुन्हा मागे आले. पंखेवाल्याने दुसऱ्या फेरीला मान डोलावली, ओळख झाल्यासारखी.

जिच्या घरी उतरले आहे ती नोम मावशी साठीच्या पुढची आहे. तिला गप्प बसणं जमत नाही. पहिल्याच दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "इथे एकटी माणसं दोनच कारणांनी येतात. प्रेमभंग झाला म्हणून, नाहीतर धंदा बुडाला म्हणून. तुमचं काय?"

"माझा मुलगा इथल्या विहारात भिक्षू आहे."

"म्हणजे प्रेमभंगच की," ती म्हणाली आणि साखर किती घालू विचारलं.

ताई, एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. "राहिली" हे बरोबर नाही; मी सांगितली नाही. चीवरदानाच्या आधी मोकचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "मी राहू का इथे?" राहायला त्याला माझी परवानगी लागत नाही. तरी त्याने विचारलं. मी म्हणाले, "गच्चीवरची टाकी गळतेय, तू आलास की बघू." तो बरं म्हणाला. त्यानंतर त्याने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. तुला मात्र सांगत राहिले की येईल, गर्दी असेल, तिकीट मिळत नसेल.

त्याचे बाबा गेल्यावर, त्यांच्या नावाने थोडे महिने चीवर घे, हे त्याला मीच सुचवलं होतं. चांगल्या घरातली मुलं घेतातच. ते माझं चुकलं असं मला वाटत नाही. वाटायला हवं का, हा प्रश्न मात्र रोज पडतो.

बाजार हिंडते आहे ते यासाठी. मी विहारात पाऊल टाकत नाही तोवर तो घरी यायचाच आहे.

उद्या पहाटे भिक्षाफेरीला रस्त्यावर बसेन. नोम मावशी भात शिजवून देणार आहे.

तुझी,
रंपाई

*

च्यांगखान
१५ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र सावकाश वाच. दुकान बंद केल्यावर वाचलंस तर बरं.

काल पहाटे रस्त्याच्या कडेला चटईवर गुडघे टेकून बसले. थंडी एवढी की श्वास दिसत होता. नोम मावशीने भाताची टोपली हातात देताना बजावलं, "पात्रात नुसता भात घालायचा हं. बाकीचं मागून विहारात नेऊन देतात. परवा एका शहरी बाईने वेफर्सची पाकिटं कोंबली. बिचारा भिक्षू खुळखुळत गेला गल्लीभर."

भिक्षूंची रांग आली. मान खाली, त्यामुळे मला फक्त पाय दिसत होते. अनवाणी, गारठलेले. सहावे की सातवे पाय आले आणि मी ओळखले. दुसरं बोट अंगठ्याहून लांब, त्याच्या बाबांसारखं. मी भाताचा गोळा पात्रात घातला. वर पाहिलं तेव्हा तो पुढच्या बाईपाशी गेला होता. डोकं भादरलेलं, भुवयाही काढलेल्या. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलं असतं की नाही, याची मला खात्री नाही. ही गोष्ट लिहायला जड जातेय.

मग विहारात गेले. बाईमाणसाने भिक्षूशी एकटीने बसायचं नाही, म्हणून नोम मावशी सोबत आली. तो ओट्यावर, आम्ही खाली. पंचशील घेतलं. मी तीनदा डोकं टेकवलं. पहिल्यांदा लाज वाटली, दुसऱ्यांदा चक्क राग आला, तिसऱ्यांदा फरशी गार लागली.

"उपासिका आईचा प्रवास नीट झाला ना?" त्याने विचारलं. आवाज तोच. "विलाईमावशी अजून स्टुलावर चढते का?"

"चढते."

सगळी वाक्यं पाठ करून आले होते. टाकीचं, दुकानाचं, तुझ्या कानाचं. पिशवी मांडीवर होती. तेवढ्यात नोम मावशी सरकून पुढे आली.

"भन्ते, राग मानू नका. परवा लॉटरीची सोडत आहे. ध्यानात काही आकडे दिसतात का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मोक शांतपणे म्हणाला, "ध्यानात मला फक्त माझे गुडघे दिसतात, उपासिका. दुखणारे."

"गुडघे? म्हणजे दोन," मावशीने बोटावर घेतलं. "उजवा जास्त की डावा?"

आणि तो हसला. आधी खांदे हलतात आणि आवाज मागून येतो, तसं. बाबा गेल्यापासून हे हसणं घरात ऐकलं नव्हतं, ताई. तुझ्याकडे ऐकलंस का कधी? मी आठवून पाहिलं. आपल्याकडे तो जेवायचा, दुकानातली खोकी उचलायचा, विचारलं तर बरं आहे म्हणायचा. आपण त्यालाच बरं समजलो.

हसू ओसरल्यावर त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. निळी बाही बाहेर आली होती. चीवर उतरवायला आलेल्यांच्या हातात अशाच पिशव्या असतात. त्याने आजवर कितीजणांना तसं जाताना पाहिलं असेल.

"पिशवीत काय आहे?"

"शर्ट."

"कुणाचा?"

त्याने हे हळू विचारलं. फोनवर विचारलं होतं तसंच. मी म्हणाले, "माझा. थंडीसाठी घेतला."

"एवढा ढगळ?" नोम मावशी म्हणाली.

"मला सैल आवडतात."

त्याने पुन्हा बाहीकडे पाहिलं. मग म्हणाला, "थंडी आहे खरी. घालत जा, आई." या वेळी नुसतं आई म्हणाला.

बाहेर आल्यावर मावशीने विचारलं, "न्यायला आला होतात ना?" मी मान डोलावली. तिने खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. घरापर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. तिला ते किती जड गेलं असेल!

मला सतावत होतं ते वेगळंच. पंचशील घेऊन तासही झाला नव्हता आणि भिक्षूसमोर बसून मी खोटं बोलले होते. शर्ट माझा नव्हताच. म्हणून आज सकाळी रांगेत बसताना तो मी अंगात घातला. बाह्या दुमडाव्या लागल्या, खांदे लोंबत होते. मोकला तो नीट बसला असता का, हे आता कळायचं नाही. पात्र माझ्यासमोर आलं तेव्हा ते पाय क्षणभर जास्त थांबले, असं मला वाटलं. भात घ्यायला तेवढा वेळ लागतच असेल.

तू चिडशील. आल्यावर बोल मला, तोंडावर बोल, मी उलट उत्तर देणार नाही. आणि राग ओसरला की पुढच्या चीवरदानाला तूच इथे ये. आपल्या दुकानातली बादली आण, पण तिच्यात ती दोन दिवसांत बंद पडणारी टॉर्च घालू नकोस. त्याला वाचायला लागते.

पँट नोम मावशीच्या भावाला दिली. मी परवाच्या गाडीने निघते. तोवर एक काम कर, टाकी दुरुस्त करणाऱ्याला बोलावून घे. आता कुणासाठी थांबायचं नाही.

शर्ट अंगातच आहे. उबदार आहे.

तुझी धाकटी,
रंपाई