हंडे टेकायचा धोंडा

खाणीवरची वस्ती, रोहा
१९ फेब्रुवारी १९९५

तीर्थस्वरूप दिनानाथदादा यांचे चरणी काळुरामाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इथे सर्व खुशाल आहेत (सर्व म्हणजे मी आणि कोंबड्या). तुमची कंबर, वहिनींचा दमा आणि झोडणीला आलेले वाल कसे आहेत ते कळवावं. वाल यंदा बरे आहेत असं तुमच्या गडबवरून येणारा एसटीचा कंडक्टर म्हणाला. तुमच्याकडून मात्र एक ओळ नाही, त्यावरून तुम्हीही माझ्यावर रागावला आहात असं धरून चालतो. रागवा. तुम्ही थोरले आहात, आणि तुमच्या बहिणीचा, सरूचा, पाय प्लॅस्टरमध्ये आहे. पण शेवटपर्यंत वाचा. चुलीत घालायचं तर त्यानंतर घाला.

आमच्या वस्तीत तुम्ही दोनदा आलात आणि दोन्ही वेळा अर्ध्या चढावर बसकण मारलीत, तेव्हा चढ काय आहे ते मी सांगायला नको. नळ पायथ्याशी, घरं वर, मधे खाणीच्या कडेने पाऊलवाट. धाटावला कंपन्या आल्या तेव्हा आम्ही कामगार मंडळी जागा सापडेल तसे वर सरकत गेलो. जो उशिरा आला तो सगळ्यात वर. (मी उशिरा आलो. लग्नातही उशिराच पोचलो होतो, तुम्ही ते अजून काढता.) ही वस्ती कुठल्या नकाशात नाही, त्यामुळे पाणीही वर येत नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर एक संस्था आली. म्हणाली, मधल्या सपाटीवर टाकी बांधू, नळ देऊ, आणि नळांपुढे सगळ्यांचा म्हणून एक चौक करू; फक्त चौक कसा हवा ते तुम्ही ठरवा. कमिटी झाली. अध्यक्ष मी. का, तर मी फिटर, पाइपाशी ओळख असलेला एकटाच.

बैठक ठेवली संध्याकाळी पाचला. पहिली शिफ्ट सुटून, चहा पिऊन माणसं मोकळी होतात म्हणून. आता पाचलाच पायथ्याच्या नळाला पाणी येतं हे वस्तीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे, पण अध्यक्षाच्या डोक्यात काही ते आलं नाही. संस्थेच्या इंजिनिअर बाईंनी चटईवरचे तेवीस पुरुष बघितले आणि विचारलं, बायका कुठे आहेत? मी म्हटलं, पाण्यावर गेल्यात, येतीलच. पाण्याची बैठक आणि बायका पाण्यावर! बाई हसल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. (मला वाटलं माझं नाव लिहिलं, म्हणून मी सदरा सारखा केला.) मग आम्ही पाच नळ आणि नळांसमोर लांबलचक ओटा असं ठरवलं. ओट्याची उंची किती? विठूअण्णांना रचलेल्या विटांवर बसवलं आणि जिथे त्यांचे गुडघे कुरकुरले नाहीत तिथे खडूने रेघ मारली. ज्या माणसाने उभ्या जन्मात तांब्यापेक्षा मोठं भांडं उचललं नाही, त्याच्या गुडघ्यावरून पाण्याच्या जागेचं माप!

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. चढाच्या मध्यावर, वळणाला एक काळा धोंडा होता. तुम्ही दोन्ही वेळा त्यालाच पाठ लावून बसला होतात. बाईच्या छातीला लागेल एवढा उंच, माथा सपाट. आम्हा पुरुषांना ती अडचण वाटायची, खांद्यावर सायकल घेतली की हमखास लागायचा. ओट्याच्या पायाला दगड कमी पडला तेव्हा गवंड्याने विचारलं, हा फोडू का? मी म्हटलं, फोड. पहार मी आणून दिली. पहिला घाव मीच घातला, अध्यक्ष ना! बायका त्याआधीच नळावर रांग लावायला उतरल्या होत्या; पाचच्या आत वाट साफ.

साडेपाचला सरू वर येत होती. डोक्यावर हंडा, कडेवर कळशी. बावीस वर्षं ती त्या धोंड्यावर हंडा टेकत आली. तिथे दम खायचा आणि तिथूनच पुन्हा डोक्यावर घ्यायचा. वाकायला नको, कुणी हात द्यायला नको. तिकडे बघायचीसुद्धा तिला गरज नव्हती. वळणावर तिने सवयीने हंडा टेकवला, आणि खाली काहीच नव्हतं.

आम्ही धावलो. ती खालच्या गोट्यांत पडली होती, सगळं पाणी अंगावर, पाय भलतीकडेच वळलेला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "धोंडा कुनी फोडला?"

आणि दादा, मी म्हटलं, "गवंड्यानं."

पाय मोडून पडलेल्या बायकोशी मी खोटं बोललो. गवंडी बिचारा शेजारीच उभा होता, त्याने मान खाली घातली. सरूने माझ्या हातांकडे बघितलं. दगडाची भुकटी कोपरापर्यंत होती. त्या घडीपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, डॉक्टरकडे नाही, माहेरी जायला तुमच्या टेम्पोत बसतानाही नाही. तुम्हालाही तिने काही सांगितलं नसेल, ती तशीच आहे. मला लाज वाटते, दादा.

पुढे ओटा झाला, नारळ फुटला, पाणी आलं. संध्याकाळी विठूअण्णा आणि मंडळी ओळीने ओट्यावर, आणि बायका लांबूनच बघून पुन्हा पायथ्याला. सासऱ्या-दिरांच्या पुढ्यात साडी वर खोचून पाणी कोण भरणार? आम्ही म्हटलं, बायकांना सुधारणाच नको. माझ्या घरात मात्र पाणी मलाच आणायचं होतं. तेव्हा कळलं की गुडघ्याएवढ्या ओट्यावरून भरला हंडा डोक्यावर जात नाही. तिसऱ्या दिवशी माझा हंडा डोक्यावर न जाता विठूअण्णांच्या मांडीत गेला. तिथे धोंडुबाई उभी होती (वस्तीत पहिलं खोपट तिचं).

"काळुराम, ओटा बसायला बांधलास का पानी भरायला? सरूला इचारलं व्हतंस?"

"नाय."

"आनी कुनाला?"

"कुनालाच नाय."

दुसरी बैठक मी सकाळी अकराला ठेवली, रजा टाकून. चटया अंथरल्या आणि गप्प बसलो (जमलं). बायकांनी दोन तासांत निकाल लावला. बसायचा ओटा टाकीच्या मागे न्यायचा, नळांशी हंडे टेकायचा उंच कट्टा, आणि वळणावर, धोंडा होता तिथेच, तसाच दुसरा. उंचीवरून मात्र जुंपली, कारण पुतळी ठेंगणी आणि मालू ताडमाड. शेवटी धोंडुबाई म्हणाली, "सरूच्या मापानं बांधा. पाय तिचाच मोडलाय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आपला अंदाजाने हात धरून दाखवला. "अगो बाय, ह्यो तर तिच्या नाकाला लागंल!" म्हणून बायका हसल्या. मीही हसलो. घरी येऊन तिच्या उंचीला टांगलेल्या आरशासमोर उभा राहिलो, तर त्यात मला माझा गळाच दिसला. बावीस वर्षांत मला तिचं माप ठाऊक झालं नाही. आरसा बघून गवंडी काम करत नाही.

असो. तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही. ज्या वाटेवर टेकायला जागा नाही तिथे तिने का यावं? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
काळुराम

ता. क. सोबत सुतळी आहे. प्लॅस्टर निघून सरू उभी राहिली की जमिनीपासून, तिला हंडा जिथे टेकावासा वाटेल तिथवर धरून गाठ मारावी आणि कंडक्टरच्या हाती द्यावी. गवंडी थांबायला तयार आहे.

आणखी एक. चुलीचं म्हटलं ते मागे घेतो. पत्र सरूच्या हातात द्या. धोंडा कुणी फोडला ते तिला माझ्या अक्षरात वाचू दे.

शेवटचं. गाठ तिनेच मारायची. तिने नाही म्हटलं तर दया येऊन तुम्ही किंवा वहिनींनी मारू नका. डब्याच्या फडक्याची तिची गाठ मी बावीस वर्षं कंपनीत रोज सोडत आलोय, तेवढी मला कळते. तिने नाहीच मारली, तर सुतळी तशीच पाठवा.