एका वेळी एकच काम

बाबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी आज तुमच्यावरचा राग काढायला बसले आहे. मधल्या काळात माझा नवराही गेला. ज्याला तुम्ही मरेपर्यंत कामचोर म्हणालात तो तुमचा मुलगा, माझा धाकटा भाऊ, आता सावली गावात माझ्याजवळ राहतो.

भाताच्या रोवण्याचा तो दिवस मी विसरलेली नाही. बायका बांधीत, भाताच्या खाचरात, ओळीनं वाकलेल्या, आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या त्यांच्यापुढे फेकायचं काम त्याचं. डोक्याच्या दुखण्याआधी त्याची पेंढी रोवणारीचा हात पोचेल तिथंच पडायची. त्या दिवशी तुम्ही बांधावरून एका दमात ओरडता, "पेंढ्या फेक, मंग वरच्या बांधीचं पानी सोड, अन् येतांनी बायांचा चहा घेऊन ये." तो पेंढी हातात धरून उभा राहतो. उभाच. एक बाई तुम्हाला म्हणते, "भाऊ, बांधीत पुतळा बसवला का जी?" सगळ्या हसतात. तुम्ही बैल हाकायची काठी, तुतारी, घेऊन चिखलात उतरता आणि त्याच्या पाठीवर मारता. "आता तं कानात कोनी बोलत नाई ना तुह्या? मंग काऊन ऐकत नाई?"

तुम्हाला तेवढंच समजलं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी कानातली माणसं गप्प झाली, म्हणजे दुखणं संपलं. उरला तो आळस, आणि तोही गोळ्यांमुळेच, असं ठरवून तुम्ही गोळ्या बंद केल्या. माणसं परत आली. त्यांच्या भीतीनं तो भाताच्या तणसीच्या ढिगात लपून बसायचा, आणि तुम्ही झाडफूक करणारा पुजारी बोलावलात. दवाखान्यात त्याला पुन्हा नेलं ते माझ्या नवऱ्यानं, तुम्ही नाही.

मी सातवीपर्यंत शिकलेली. वाचनालयातून जे मिळालं ते वाचलं, डॉक्टरांना विचारत राहिले. कानातले आवाज म्हणजे या दुखण्याचा दिसणारा भाग. दुसरा भाग गपचूप असतो. उठावंसंच वाटत नाही, सांगितलेलं डोक्यात टिकत नाही, आधी काय आणि मग काय याची ओळ लागत नाही. तिथं गोळी फारशी पोचत नाही. तीन कामं एकदम सांगितली की तिन्ही सांडतात. त्याला ऐकू आलं होतं, बाबा. तिन्ही कामं ऐकू आली होती, म्हणूनच तो उभा राहिला.

आता माझे गुडघे गेले. परवा लेक म्हणाली, "आई, तुह्या मांगं मामाले कोन पाहीन?" म्हणून त्याला भात शिकवते आहे. तांदूळ धू, म्हणायचं आणि गप्प बसायचं. धुऊन झाले की पाणी घाल. काही दिवस तो गॅसपुढे नुसता बसतो, मग मी शिजवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तांदळापासून सुरू. शेजारचे भाऊ दारातून बघत म्हणाले, "एवढ्या मोठ्या मानसाले लेकरावानी सांगते का, बाई?"

"तुमी तं मोठेच ना भाऊ? तुमचा भात कोन शिजवते?"

"बायको."

"मंग चूप बसा."

आज मी बाजारातून आले तर घरात करपल्याचा वास. आत जाऊन पाहते तर गॅस बंद केलेला, भात उतरवलेला, दोन ताटं मांडलेली. कोणी काही सांगितलेलं नव्हतं. "खा, बाई," म्हणाला. मीठ नव्हतं, तळ लागला होता. तो हसून म्हणाला, "बाबाले असाच लागलेला भात आवडे."

त्याला तुमचा राग नाही. त्याच्या वाटचाही मलाच करावा लागतो. तुम्ही आज असायला हवे होते. दोन घास खायला नाही, तुमची मान खाली गेलेली मला पाहायची होती.

हे तुमच्यापर्यंत जाणार नाही, म्हणूनच शेवटचं लिहिते. उद्या तो पुन्हा गॅसपुढे नुसता बसून राहील. तुम्ही समोर असता, तर एवढं मी तुम्हाला कळू दिलं नसतं.