दर रविवारी तुझं नाव

धाकटे,

चर्चच्या वेदीवरचं कापड इस्त्री करून ठेवलं आणि लिहायला बसले. पाठवायची हिंमत माझ्यात नाही.

तू नवरा सोडून त्या सुताराबरोबर गेलीस, त्याला अकरा वर्षं झाली. वाट चुकलेल्यांसाठी दर रविवारी प्रार्थना होते, त्या यादीत तेव्हापासून मीच तुझं नाव घालते. लोक म्हणतात, थोरलीची माया बघा.

काल बाजारात तुम्ही दोघं दिसलात. तो पिशव्या धरून उभा होता आणि तू भर रस्त्यात पोट धरून हसत होतीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा नवरा चांगला आहे, पण त्याच्यासोबत मी अशी कधी हसले नाही. पाप करायची मला भीती वाटली, एवढंच. त्या भीतीलाच आम्ही सगळे पुण्य म्हणत आलो.

आज फादर म्हणाले, "ती सुखात दिसते. आता काढू या का तिचं नाव?"

"नको फादर, राहू द्या अजून."

रडत माझ्या दारात आली असतीस, तर मीच कधीचं खोडलं असतं.

सगळ्यांच्या मते चांगली असलेली,
तुझी ताई