बैठकीतली धूळ आणि तीन दरपत्रकं

१४ नोव्हेंबर
आमच्या सौ. ज्योत्स्नाला वाशीमला छातीच्या डॉक्टरला दाखवून आणलं. दिवाळीपासून दम लागतो, श्वास घेताना शिटी वाजते. डॉक्टर म्हणाले, धुळीची अॅलर्जी. घरात झाडू बंद. ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर व्हॅक्यूम क्लीनर घ्या. आणि मुख्य म्हणजे धूळ कशातून येते ते शोधा.

तिन्हीत व्हॅक्यूम क्लीनर हाच एक शास्त्रीय उपाय वाटला. पुसायला माझा गुडघा वाकत नाही. आणि मालेगावात धूळ कुठून येते हे शोधायला निघालेला माणूस घरी परत यायचा नाही.

परतताना बसमध्ये ज्योत्स्नाचं सुरू : "बैठकीतले सोयाबीनचे पोते इकून टाका न आता. नुसता हात लावला का फुफाटा उडते." तिला शांतपणे समजावलं की शेतीचं शेतीत, तब्येतीचं तब्येतीत. दोन विषय एकत्र केले की दोन्ही बिघडतात. ती खिडकीबाहेर बघत बसली. पटलं असावं.

संकल्प : महिनाअखेर मशीन घरात.

१५ नोव्हेंबर, सकाळी
बजेट पाच हजार. नोकरीत सगळी वर्षं खरेदीचं टेबल सांभाळलं. तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय टाचणीसुद्धा घेतली नाही. ऑफिसची कपाटं यायला अडीच वर्षं लागली, पण खरेदीत कुणाला खोट काढता आली नाही. तोवर फायली वाळवीने खाल्ल्या, पण वाळवी आमच्या टेबलाकडे नव्हती.

पैशाचंही ठरलं. पेन्शनला हात लावायचा नाही. सोयाबीन थांबवून ठेवलंय ते उगीच नाही. भाव चढणार. आजच्या भावावर जो फरक मिळेल त्यातून मशीन. म्हणजे पडलं फुकटच.

१९ नोव्हेंबर
दिवसभर मोबाईलवर अभ्यास. वॅट वेगळे, पास्कल वेगळे. हेपा फिल्टर असलेलं घ्यावं असं सगळे म्हणतात, हेपा म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. एका बाईने एकच स्टार दिलाय, कारण तिचं मांजर आवाजाला घाबरतं. आमच्याकडे मांजर नाही. तेवढा एक मुद्दा निकाली निघाला.

ज्योत्स्नाने विचारलं, झाडायचं काय? म्हटलं, डॉक्टरांनी झाडू बंद सांगितलाय. मी तो कटाक्षाने पाळतोय. घरात पावलं उमटायला लागली आहेत.

२४ नोव्हेंबर
स्टँडजवळच्या हरीओमच्या इलेक्ट्रिक दुकानातून पहिलं दरपत्रक घ्यायला गेलो. त्याच्याकडे एकच मशीन आहे, तेही काचेच्या कपाटात. त्याच्यावरच धूळ. बोटाने रेघ ओढून दाखवली. हरीओम म्हणतो, "काकाजी, थे इकाले नाई, शोसाठी ठेवलं हाय. इथं कोन घेते? तुमी कूलर घ्या न." नोव्हेंबरात कूलर. दरपत्रक लेखी मागितलं तर हसला. दुकानदारांना पद्धत अशी राहिलेली नाही.

३० नोव्हेंबर
महिनाअखेर. मशीन नाही. संकल्प पुन्हा वाचला. कोणत्या महिन्याची अखेर ते लिहिलेलं नाही.

५ डिसेंबर
भाव उतरला. सोयाबीनचा. माणिकराव व्यापारी स्वतः घरी आले, थप्पीतलं एक पोतं उघडून दाणे बघितले, म्हणाले, "साहेब, देऊन टाका. पुढं अजून पडीन." मी मनातल्या मनात हसलो. घेणारा माणूस विका म्हणतो म्हणजे भाव चढणार. ते गेल्यावर ज्योत्स्ना बराच वेळ खोकली. त्यांनी पोतं उघडायला नको होतं.

११ डिसेंबर
एका ऑनलाइन सेलमध्ये नऊशे नव्याण्णवला मशीन दिसलं. चार हजारांची सरळ बचत. तक्ता अर्धवट होता, पण सेल रात्री बारापर्यंतच. कधी कधी अधिकाऱ्याला जागेवर निर्णय घ्यावा लागतो. ऑर्डर टाकली.

ज्योत्स्ना आता बसूनच झोपते. पाठीला दोन उशा, एक लोड. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणे. सवय होईल हळूहळू.

१६ डिसेंबर
मशीन आलं. वेताच्या छडीएवढं. वायरच्या टोकाला पिन नाही, एक जाड बोंडूक आहे. वैभवीला पुण्याला फोटो पाठवला. तिने फोन करून सांगितलं की बाबा, हे कारमधलं आहे, कारच्या सॉकेटला लागतं. आपल्याकडे स्कूटी आहे. जाहिरातीत कारचा फोटो होता खरा, पण मला वाटलं तो नुसता रुबाबासाठी.

१७ डिसेंबर
हार मानली नाही. शेजारच्या केशरबाईच्या मुलाची जीप दारात आणवली आणि वायर खिडकीतून आत ओढली. वायर पोचली सोफ्याच्या पहिल्या पायापर्यंत. तेवढा पाय स्वच्छ झाला. इंजिन चालू ठेवावं लागत होतं, त्याचा धूर खिडकीतून आत. ज्योत्स्ना मागच्या दारी जाऊन बसली, पदर नाकाला लावून. केशरबाई म्हणाली, "भाऊ, कायले एवढा कुटाना करून राह्यले? मी पुसून देतो न." तिला म्हटलं, तात्पुरत्या उपायांनी मूळ प्रश्न सुटत नाही.

वस्तू परत करता येत नाही. खोकं फाडायला नको होतं.

२३ डिसेंबर
भाव आणखी उतरला. उतरण्याचा वेग मात्र कमी झालाय. ही चढण्याचीच लक्षणं.

वैभवीचा फोन. सारखं तेच, पोती काढा, पोती काढा. शिकवलं, पुण्याला पाठवलं, आणि तीही आईसारखीच बोलते. मी थकलोय. खरंच थकलोय. घरात एक माणूस विचार करतो आणि बाकीचे त्याच्या डोक्यावर बसलेत.

२ जानेवारी
नवं वर्ष. संकल्प जुनाच, पण जास्त पक्का.

पोत्यांचंही काही करत नाही असं कुणी म्हणायला नको म्हणून शेतातून ताडपत्री आणून थप्पी झाकली. झाकण्याआधी बैठकीतच झटकली. तेवढी बाहेर झटकायला हवी होती.

८ जानेवारी
अकोल्याच्या एका कंपनीचा माणूस घरी डेमोला आला. मदनसिंग नाव, टाय लावलेला. दर बजेटच्या तिप्पट, पण डेमो फुकट. घरात आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, मशीन दाखवतो, पन पहिले हे पोते हलवा न." म्हणजे आता विक्रेतेही ज्योत्स्नाच्या बाजूने. त्याला म्हटलं, पोती आहेत म्हणून तर मशीन पाहिजे. त्याने मान डोलावून प्लग लावला. मुद्दा बिनतोड होता.

मशीन सुरू केलं. फार जोरदार ओढतं. ताडपत्रीचं टोक ओढलं, त्याखालचं पोतं उंदरांनी कुरतडलेलं होतं, त्यातलं सोयाबीन ओढलं. पाइपात दाणे खडखडायला लागले. मग काहीतरी अडकलं आणि मागच्या बाजूने सगळी धूळ एकदम बैठकीत. मदनसिंगचा टाय पांढरा झाला.

ज्योत्स्ना स्वयंपाकघरात होती. दार उघडं होतं.

९ जानेवारी, वाशीम
दवाखान्यात आहोत. काल तिचे ओठ निळे पडले होते. जीपमध्ये माझा हात धरून होती, बोलता येत नव्हतं, नुसती बघत होती. मला भीती वाटली. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. आता वाफ दिलीय, ऑक्सिजन लावलाय. बरी आहे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, धूळ कुठून येते ते बघितलं का? मी सांगितलं, मशीनचं जवळजवळ फायनल होत आलंय. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनाही काम फार दिसतं.

१२ जानेवारी
घरी आलो. दवाखान्याच्या बिलात दोन मशीनं आली असती. आता बजेट बघायचं नाही. माणसापेक्षा पैसा मोठा नाही. तिला तसं स्पष्ट सांगितलंसुद्धा. तिने विचारलं, "मंग पोते?" म्हटलं, पोती म्हणजे पैसा नाही, पोती म्हणजे माल. माल आणि पैसा यातला फरक तिला कळत नाही. ती उशी उचलून मागच्या पडवीत जाऊन बसली. दिवसभर आत आली नाही.

तिची खाट मागच्या पडवीत टाकली. थंडी आहे, पण हवा मोकळी.

२० जानेवारी
मदनसिंगचा दर पहिला धरला. दुसरं आणि तिसरं दरपत्रक मिळालं, अकोल्याच्या दोन दुकानांकडून, व्हॉट्सअॅपवर. तक्ता पूर्ण. शनिवारी, चोवीसला, प्रजासत्ताक दिनाच्या सेलला जाऊन घेऊनच येतो. ज्योत्स्नाला सांगितलं. ती म्हणाली, "जा. आरामात या. घाई कायले करता?" किती दिवसांनी नीट बोलली. बरं वाटलं.

२४ जानेवारी, संध्याकाळी
सकाळच्या एसटीने अकोला. मशीन घेतलं. हेपा आहे. बजेटच्या वर गेलं, किती ते लिहीत नाही. येताना बसमध्ये जागा नव्हती, खोकं मांडीवर धरायलाही मांडी नव्हती, पातूरपर्यंत उभा. कंबर गेली. पण मनात एकच चित्र : दारात मी, हातात खोकं, आणि ज्योत्स्ना बघतेय.

दारात आलो. बैठक मला ओळखूच आली नाही. थप्पी नाही. पोती नाहीत, ताडपत्री नाही. भिंतीचा पिवळा रंग दिसला, तो पिवळा होता हे विसरलो होतो. फरशी ओली होती.

केशरबाईने कुंपणावरून सांगितलं. मी बसमध्ये बसल्याबरोबर ज्योत्स्नाने माणिकरावला फोन लावला. टेम्पो आला, हमाल आले. माल जाईपर्यंत ती केशरबाईच्या ओट्यावर बसून होती. मग केशरबाईने बैठक धुऊन काढली, वरून फडक्याने पुसली. "वयनी म्हने, भाऊ घरी असले तर दहा मुद्दे काढतीन."

संताप झाला. मला न विचारता! भाव काय लावला याचा जाब विचारायला तसाच आत गेलो.

ती दिवाणावर झोपली होती. आडवी. एकच उशी. मी कान देऊन ऐकलं. शिटी नव्हती. साधा श्वास येत-जात होता, इतर माणसांचा येतो तसा. मी खोकं हळूच खाली ठेवलं आणि तिथेच उभा राहिलो. भाव विचारायचा राहून गेला.

२५ जानेवारी
भाव कळला. नोव्हेंबरापेक्षा क्विंटलमागे दोनशेने कमी. फरक आला, उलट्या बाजूने आला. ज्योत्स्ना आणखी थोडी थांबली असती तर मार्चमध्ये भाव चढलाच असता. हे मी इथे लिहून ठेवतोय, कुणाला सांगत नाही.

२८ जानेवारी
मशीनचं उद्घाटन. पूर्ण बैठक फिरवली, कोपरे, सोफ्याखाली, पडद्यांवरून. मग पिशवी उघडली. आत एक केस आणि खोक्यातल्याच थर्माकोलचे चार दाणे. मशीन चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. ओढायला काही नव्हतं. हरीओम विचारत होता, द्यायचं असलं तर अर्ध्या किमतीत घेतो, शोसाठी.

वैभवीचा फोन आला होता, स्पीकरवर. म्हणाली, बाबा, आईचा आवाज किती मोकळा वाटतोय. मी सांगितलं, हेपा फिल्टरचा गुण. हे ऐकून ज्योत्स्नाला हसू फुटलं. दिवाळीपासून ती हसली की ते हसणं खोकल्यात संपायचं आणि मला पाण्यासाठी पळावं लागायचं. आजही मी पळालो, पेला भरून आणला, तिच्यासमोर धरून उभा राहिलो. ती हसतच होती. "हेपा म्हने," म्हणाली आणि पुन्हा हसली, डोळे पुसले, माझ्याकडे बघून आणखी हसली. खोकला आलाच नाही.

पाणी मीच पिऊन टाकलं.