खाचरावरचा चौक

बाबा, तुझी इमारत पाडायचं ठरलंय. बेलापूरची, सरकारी, जिथे तू शिपाई होतास. पाडण्याचे नकाशे काढायचं काम आमच्याच ऑफिसला मिळालं आणि ते माझ्या टेबलावर आलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत तू मला डबा घेऊन तिथे न्यायचास. खाडीच्या बाजूला सिमेंटच्या जाळ्या, खिडक्यांवर हातभर पुढे आलेले छज्जे आणि मधोमध आकाशाला उघडा चौक. बाहेर ऊन भाजत असायचं, पण चौकाभोवतीच्या व्हरांड्यांतून खाडीवरचा वारा असा फिरायचा की प्रत्येक टेबलावर कागदांवर दगड ठेवलेला असायचा. मी जिन्यात बसून जाळीतून आलेले उन्हाचे चौकोन फरशीवरून सरकताना बघायचे. असं काही बांधायला शिकावं, हे तिथेच मनात आलं असणार. आपल्या घरातून तोवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं.

तू मात्र तो चौक अनवाणी ओलांडायचास. चपला पायरीशी काढून, साहेबांची फाइल छातीशी धरून. एकदा वरच्या मजल्यावरचे हेडक्लार्क कठड्यावरून ओरडले, "काय रे, देवळात आलास काय?" तू हसून म्हणालास, "नाय साहेब, खाचरान आलोय." सगळे हसले. मला लाज वाटली. म्हटलं, "बाबा, चपला घाल ना, लोक बघतात." तेव्हा तू माझ्यावर पहिल्यांदा चिडलास. "बघू दे. आपली जमीन हाय ही. भातान चपला घालून कोन जातं?" नवं शहर वसवताना सरकारनं घेतलेलं आपलं भाताचं खाचर त्या चौकाखाली आहे, आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेली नोकरी तू त्याच जमिनीवर करतोयस, हे मला त्या दिवशी कळलं. तू गेलास तेव्हा मी बारावीत होते. मी आर्किटेक्ट झाले, हे तुला ठाऊकच नाही.

मागच्या महिन्यात मी हातोडी घेऊन तिथे पाहणीला गेले. खांबांवर ठोकलं की पोकळ आवाज येतो. खाऱ्या हवेनं आतलं लोखंड फुगलंय, छज्ज्यांचे पोपडे खाली पडतात. इमारत वाचवा, असं कोणत्या तोंडानं म्हणू? म्हणून मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं, की नव्या इमारतीत तो चौक तेवढा ठेवू, त्याच जागी, तसाच उघडा. जागेचा इतिहासही लिहून नेला होता. आधी भरतीचं पाणी शिरणारं खाजण, मग बांध घालून भातशेती, मग भराव, मग ही इमारत. आमच्या ऑफिसच्या मॅडमनी सगळं नीट वाचलं. "छान लिहिलंयस गं. पण चौक ठेवला तर पार्किंगचा रॅम्प कुठून नेऊ, तूच सांग." मी आठवडाभर रेघा मारून बघितल्या. रॅम्प दुसरीकडून जात नाही, बाबा. खरंच जात नाही. कुणी दुष्ट असतं तर भांडले तरी असते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "टेन्शन नको घेऊस. ती काय हेरिटेज आहे? नुसती जुनी आहे."

आमच्याकडे पाडायचा भाग नकाशावर पिवळा करतात. काल मी जाळ्या पिवळ्या केल्या, जिना केला, शेवटी चौक.

आत्ता आईनं विचारलं, काय लिहितेस एवढं? ऑफिसचं काम, म्हटलं. हे पान तिच्या हाती लागणार नाही, असं ठेवून देईन. कारण यात एक गोष्ट आहे, जी तुझ्यासमोर बोलायचं मला कधी धाडस झालं नसतं. काल पिवळा रंग भरताना मला रडू आलं, ते त्या इमारतीसाठी. तुझं खाचर मी कधी पाहिलं नाही, आणि त्याच्यासाठी मला कधीच रडू आलेलं नाही.